तायी म्हणजे ताई नव्हे

प्रवेशाच्या टेबलामागच्या बाईनं माझ्या नातीची फाईल मिटली आणि आमच्याकडे सरकवली.

"तायी यारु?" तिनं विचारलं. आई कोण?

नातीला कन्नड येतं, पण ती नुसती फाईलकडं बघत राहिली. मग बाईनं मोडक्या मराठीत, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दहावीच्या कागदावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं. दोन आया कुणाला असतात का? आधी आई कोण ते ठरवा, मग या."

रांगेत कुणीतरी हसलं. मी बाकावर बसले होते ती उठले. म्हटलं, "तिची आई घरात मागावर हाय. घेऊन येऊ?"

"आजी, आई आणून चालत न्हाय. कागद आणा. आठ दिवस देते. नाहीतर यादीतल्या पुढच्या पोराला जागा जाणार."

परत येताना बसमध्ये नात फाईल छातीशी धरून बसली होती. रडली नाही. आमच्या घरात रडायची पद्धत नाही. मी विचारलं, "कागदावर कुणाचं नाव हाय?"

"ताईचं," ती म्हणाली. म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचं, जी लग्न होऊन निपाणीला आहे. "दहावीलाच कळलं हुतं, आक्का. अण्णा म्हणाले, शाळेत अर्ज दिलाय, दुरुस्त झालंय. मी परत बघितलंच न्हाय."

मला घरात सगळे आक्का म्हणतात. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडगावचा स्टॉप येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. याची भरपाई मी कुणाकडून करून घेणार, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. कशी, तेवढं ठरायचं होतं.

माझा भाऊ निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होता. नोकरी संपल्यावर वडगावला परत आला आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या कट्ट्यावर बसायला लागला. आमच्यात सगळे विणकर. साड्या विणणारा माणूस दिवसभर मागावर उभा असतो, त्याला कागद वाचायला सवड नसते. लाईटची नोटीस आली, महानगरपालिकेचं पत्र आलं, शाळेचा फॉर्म आला, की लोक अण्णाकडे जायचे. आमच्या सीमाभागात सरकारी कागद कन्नडमध्ये असायचा. तो चष्मा लावायचा, कागद लांब धरायचा, ओठ हलवायचा आणि सांगायचा, अमुक आहे, तमुक करा. लोक त्याला मास्तर म्हणायचे. तो कधीही मास्तर नव्हता.

मी चौथी पास झाले तेव्हा शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. पोरीला पुढे पाठवा म्हणाल्या. वडील तयार होते. हाच भाऊ, तेव्हा हायस्कुलात होता, म्हणाला, "हिला कशाला? वाचायला मी हाय न्हवं." दुसऱ्या दिवसापासून मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले, ती अजून भरते. साठ वर्षं होऊन गेली. ते वाक्य मी विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. मागल्या वर्षी कॉलेजनं पोरांना उद्यमबागेत एक फाउंड्री दाखवायला नेलं. तिथून आली आणि जेवताना मला म्हणाली, "आक्का, लोखंड वितळलं की त्यातलं पळीभर काढून बारक्या साच्यात ओतत्यात. नाण्याएवढी चकती हुती. ती लॅबमध्ये नेऊन बघत्यात आत काय कमी हाय, काय जास्त. लॅबवाला हो म्हणल्याशिवाय भट्टीतलं ओतायचं न्हाय. पन्नास माणसं थांबून ऱ्हात्यात."

"मग?"

"मला ते हो म्हणणारं माणूस व्हायचंय."

मला ते आवडलं. आमच्या घरात एका बाईच्या होकारासाठी आजवर कुणी थांबलेलं नाही.

अण्णाला आवडलं नाही. आमच्याकडं जेवायला आला तेव्हा त्याचं म्हणणं, बी.एड. करावं, नाहीतर बँकेच्या परीक्षा द्याव्यात. "भट्टीवर जाणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? रोज तोंड काळं करून यायची."

"अण्णा, लॅबमध्ये एसी असतोय," नात म्हणाली. "मशीनला गरम सोसत न्हाय."

"मशीनला सोसत न्हाय आन तुला सोसतंय व्हय?"

"मी पण एसीतच बसणार की."

माझा मुलगा खाली मान घालून जेवत होता. मामासमोर तो लहानपणापासून असाच जेवतो. मी सांगितलं, पोरगी परीक्षा देणार.

सरकारी प्रशिक्षण केंद्रात अशा लॅबसाठी एक वर्षाचं शिक्षण असतं, त्याला प्रवेश परीक्षा आहे. तिनं सात महिने अभ्यास केला. कन्नड लिहायवाचायला शेजारच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडून नीट शिकली, कारण पुढे सगळं काम त्यातच. पहाटे पाचला उठायची. माग चालू असताना तिचा अभ्यास होतो. वीज गेली की माग बंद पडतात आणि ही पुस्तक मिटते. म्हणते, शांततेत डोकं चालत नाही. प्रश्न आणि उत्तरं तिनं मराठी अक्षरात एका वहीत लिहून मला दिली होती. मी कांड्या भरता भरता विचारायची, "सिलिकॉन कमी पडलं तर?" ती मागातला धोटा बदलता बदलता उत्तर द्यायची. तिचं उत्तर बरोबर आहे की चूक एवढं मला वहीत बघून कळायचं. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. मी चौथी पास आहे आणि हे मला पाठ आहे.

यादी लागली, तिचं नाव वर होतं. मग कागद तपासायला बोलावलं, आणि मग ते टेबल आणि ती बाई.

दुसऱ्या दिवशी मी, नात आणि सून तिच्या जुन्या मराठी शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून पहिलीचा फॉर्म काढला. फॉर्म कन्नडमध्ये छापलेला, भरलेला मराठीत. अक्षर बघून मला वाचायचीही गरज पडली नाही. आमच्या लग्नाच्या याद्या, बारशाच्या चिठ्ठ्या, सगळं त्याच अक्षरात आहे. खाली पालक म्हणून सहीही अण्णाचीच.

हेडमास्तरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं छापलंय, तायी. म्हणजे आई. भरणाऱ्यानं अक्षरं जुळवून वाचलंय ताई."

सून पहिल्यांदाच बोलली. "अण्णामामांनी मला विचारलं हुतं, ताईचं पूर्ण नाव सांग. मी सांगितलं. मला वाटलं, थोरली ह्याच शाळेत हाय म्हणून लिवून घेत असतील."

आता ही चूक कुणाच्याही हातून होईल. आम्ही बाजारात कन्नड बोलतो, बसमध्ये बोलतो, भाजीवालीशी भांडतोही. पण बोलण्यात आईला सगळे अव्वा म्हणतात. तायी हा कागदावरचा शब्द. कागदावरचं कन्नड ज्याला येतं त्यालाच तो कळणार. मला ती अक्षरं जुळवता आली असती तर मीही ताईच वाचलं असतं. पण मी फॉर्म भरायला बसले नसते.

मी विचारलं, "दहावीच्या वेळेला दुरुस्तीचा अर्ज आलता का?"

हेडमास्तरांनी रजिस्टर मागे पुढे चाळलं. "असा अर्ज न्हाय आलेला, आजी." मग म्हणाले, "अवघड न्हाय. सही ज्यांची आहे त्यांनी येऊन लिहून द्यायचं, वाचताना माझी चूक झाली म्हणून. आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मी स्वतः वरच्या ऑफिसात जाऊन करून आणतो. पण ह्या दोन दिवसांत पाहिजे."

अण्णाची चूक मी सोडली असती. पण पोरगी पंधरा वर्षांची असताना त्याच्याकडे गेली होती, आणि तेव्हा तो खोटं बोलला. आपलं अक्षर कुणी बाहेर काढू नये म्हणून. ते मी सोडणार नव्हते.

तरी आधी सरळ गेले. संध्याकाळी आम्ही तिघी त्याच्या घरी गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिवून देतो की. सुनेनं चुकीचं नाव सांगितलं म्हणून लिवतो."

"तिनं चुकीचं न्हाय सांगितलं. तू चुकीचं विचारलंस."

"अगं, ती अडाणी बाई हाय. तिला काय फरक पडतोय? माझ्याकडं चार लोक येत्यात."

सून भिंतीला टेकून उभी होती. पोटच्या पोरीच्या कागदावर तिचं नाव नाही, आणि आता ते नसण्याचा दोषही तिनंच घ्यायचा. ती काही बोलेल अशी त्याची अपेक्षाच नव्हती.

मी म्हटलं, "बरं." आणि घरी आले.

सकाळी साडेआठला कट्टा भरलेला असतो. आमच्या गल्लीचा जुना रंगारी, दूधवाला, दोघं तिघं म्हातारे, मध्ये अण्णा पेपर घेऊन. मी नातीला घेऊन गेले. तिला काय करणार ते सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर आली नसती. तिच्या फाईलमधला एक छापील कन्नड कागद मी काढून घेतला होता.

"अण्णा," मी म्हटलं, "हे आलंय. काय हाय बघ की जरा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. काल मी बरं म्हणून गेले होते, त्याला वाटलं प्रकरण मिटलं. त्यानं चष्मा लावला, कागद लांब धरला, ओठ हलवले.

"पाणीपट्टीची नोटीस हाय. महिन्याच्या आत भरायची. न्हाय भरली तर नळ तोडत्यात."

"सगळी वाचलीस का?"

"सगळी वाचली की."

मी कागद घेऊन नातीच्या हातात दिला. "तू वाच. मोठ्यानं. आधी कन्नडात, मग मराठीत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही. तिनं वाचलं. भट्टीजवळ जाताना बूट घालावेत. ओढणी, मोकळे केस, बांगड्या चालणार नाहीत. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. प्रशिक्षणार्थींसाठी नियम, एकूण चौदा.

मग रंगारी म्हणाला, "मास्तर, परवा माझ्या लाईटची नोटीस म्हणून वाचलीस, ती कशाची हुती रं?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय," अण्णा म्हणाला.

"मग काल पेपर कसा वाचत हुतास?" दूधवाल्यानं विचारलं. पेपर मराठी होता.

मी त्याच्यापुढे फॉर्मची झेरॉक्स धरली आणि कट्ट्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या फॉर्मात तू पोरीच्या आईच्या जागी बहिणीचं नाव लिवलंस. दुरुस्त केलं म्हणून खोटं सांगितलंस. काल सुनेवर ढकलत हुतास. आता शाळेत चल आन लिव, मला कन्नड वाचता येत न्हाय."

"हेडमास्तर एवढंच म्हणाले, वाचताना चूक झाली," नात हळूच म्हणाली.

"त्यांनी तसं म्हणलं असंल. मी असं म्हणते."

तो आला. शाळेत हेडमास्तरांनी मजकूर सांगितला, त्यानं लिहिला. 'मला कन्नड नीट वाचता येत नसल्यामुळे' हे शब्द मी घालायला लावले. हेडमास्तर म्हणाले, याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. सही करून त्यानं चष्मा खिशात घातला.

परतताना नात म्हणाली, "आक्का, एवढं नको हुतं."

"तुला नको असंल," मी म्हटलं. "बूट घ्यायला कधी जायचं?"

आठव्या दिवशी कागद जमा झाले. या वेळी मी बाहेरच थांबले, आत तिची आई गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा सुनेच्या हातात पावती होती आणि तिनं त्यावरचं स्वतःचं नाव मला दाखवलं. ते कन्नडमध्ये होतं, मला वाचता आलं नाही, तिलाही नाही. नातीनं वाचून दाखवलं.

अण्णा आता कट्ट्यावर बसत नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला मी गेले तर दार पुढं केलं. गल्लीतले लोक कागद घेऊन नातीकडे येतात. ती वाचते आणि जे आहे ते सांगते, कळलं नाही तर कळलं नाही म्हणते. लोक विचारतात, भावाशी असं वागून तुम्हाला वाईट वाटतं का. नाही वाटत. उलट, एवढी वर्षं का थांबले, याचंच वाटतं.

नातीची परीक्षा झाली की जूनपासून ती केंद्रात जाणार. बूट घेतलेत. सून आणि मुलगा मागावर आहेत. हे सगळं माझ्या घरात झालं. मी चौथी पास, चौऱ्याहत्तर वर्षांची, वडगावात राहते आणि कांड्या भरते.