कवडू मिस्त्रीचा कान

चिखल्याच्या फाट्यावर कवडू मिस्त्रीचं गॅरेज आहे. खाणीतून मॅंगनीज भरून निघालेली गाडी वळणावर दिसायच्या आधीच मिस्त्री सांगे, ही कोणाची आणि हिला काय झालंय. तीस वर्षांत त्याचा कान फारसा चुकला नव्हता, आणि त्याला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी तो एका जीपखाली पाठीवर पडून स्प्रिंगचा पाटा कसत होता. समोर दोन पावलं येऊन थांबली. चालून चालून काळ्या धुळीनं माखलेली.

"मिस्त्री, बाहेर या जी."

"कोण आहे?"

"तुलारामची बायको, मंदा. ज्याची रोजी तुमी खाल्ली, त्याची."

कवडू सरपटत बाहेर आला. तुलाराम म्हणजे बाबुलालच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या वर्षी बाबुलालनं ही जुनी गाडी नागपुरातून आणली होती, आणि तेव्हापासून आठ वर्षं ती तुलारामच्याच हातात होती. शुक्रवारी ती चहाच्या टपरीपुढून काळा धूर ओकत, फसफस करत गेली. कवडू बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल न पाहता हाणली असन." टपरीवर बाबुलालही होता. त्यानं शनिवारी तुलारामला गाडीवरून उतरवलं, आणि टाकायला दिलेलं ऑइल यानं विकलं, असं चारचौघांत सांगितलं. एवढं कवडू म्हणाला नव्हता. पण सुरुवात त्याच्याच तोंडून झाली होती.

"गाडी पाह्यली होती काय तुमी?" मंदाबाईनं विचारलं.

"आवाज आयकला ना."

"आवाज आयकला. दवाखान्यातला डॉक्टर बी छातीले नळी लावते जी. मी रस्त्यानं खोकत चालली त टपरीवर बसून नाही सांगत, का इले टीबी आहे म्हणून."

कवडू हातातला पाना चिंधीनं पुसू लागला.

"खाणीवर सारे ऑइलचोर म्हणून राहिले त्याले. दुसरा कोणता मालक ठेवन आता? दोन दिवस झाले, माणूस तोंडावर शेला घेऊन पडला आहे. अन् तुमी इथं पाटे कसून राहिले."

कवडूला असा संताप आला की हातातला पाना त्यानं जीपखाली भिरकावला. बाईमाणूस दारात येऊन बोललं म्हणून राग आला, की ती खरं बोलली म्हणून, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. आत जाऊन त्यानं पेटीच्या तळातून कापडात बांधलेले, दाब मोजायचे दोन गेज काढले. ज्यांना कान नाही त्यांनी हे वापरायचे, असं तो नेहमी म्हणे.

"चला," तो म्हणाला.

ट्रक बाबुलालच्या अंगणात उभा होता.

"आता काय पाहता मिस्त्री? तुमीच त सांगतलं," बाबुलाल म्हणाला.

"सांगतलं. पाह्यलं नव्हतं."

त्यानं ऑइलची काठी ओढली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं.

"ते मी टाकलं काल," बाबुलाल घाईनं म्हणाला.

म्हणजे काठीवर भागणार नव्हतं. कवडूनं ऑइल प्रेशरच्या दिव्याचा स्विच काढून तिथं गेज बसवला आणि इंजिन चालू केलं. ते अडखळत, थरथरत चाललं. ते चांगलं तापेपर्यंत अर्धा तास तिघंही धुरात उभी राहिली. मग इंजिन मंद असताना काटा दीडला थांबला, रेस दिल्यावर चारच्या वर गेला.

"पाहा, प्रेशर पुरं आहे," कवडू म्हणाला. "सुकं चाललं असतं त बेरिंगा खाल्ल्या असत्या. बेरिंग झिजली का प्रेशर चढत नाही. अन् तुमच्या कालच्या ऑइलनं झिजलेली बेरिंग भरून येत नाही, बाबुलालभाऊ."

"मंग धूर कायचा?"

"चढा अन् सेल्फ मारा. सांगतो."

कवडूनं डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले आणि कंप्रेशनचा गेज एकेका सिलिंडरवर बसवत गेला. बाबुलाल केबिनमधून सेल्फ मारी, मंदाबाई काटा वाचून आकडा मोठ्यानं म्हणे. पंचवीस. चोवीस. मग चौदा.

"गेली ना रिंग?" केबिनमधून आवाज आला.

चौथ्यालाही चौदा. पाचव्याला पंचवीस, सहाव्याला चोवीस.

कवडूनं गेज कापडावर ठेवला. रिंगा झिजतात तेव्हा सगळेच सिलिंडर कमीजास्त उतरतात. शेजारचे दोनच, तेही सारखे उतरले, म्हणजे त्या दोघांच्या मधली गॅस्केट जळालेली. आणि ती ज्याच्याखाली बसते ते इंजिनाचं हेड पोळ्याच्या सुमारास त्यानंच उतरवून बसवलं होतं.

"खाली या," तो बाबुलालला म्हणाला. आवाज इतका खालचा होता की बाबुलाल मुकाट उतरला. "आठ दिवसानं हेडचे बोल्ट पुन्हा कसाले आणजा म्हटलं होतं मी. काहून नाही आणली?"

"ट्रिपा लागून होत्या, मिस्त्री."

"त्यानं दोनदा म्हटलं मालकाले," मंदाबाई म्हणाली. "घरी येऊन मले सांगे, मालक आयकत नाही म्हणून."

"अन् मी बी इचारलं नाही," कवडू म्हणाला. "रोज माझ्याच दारासमोरून जात होती."

दुपारी हेड उतरलं. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये गॅस्केट बोटभर जळून गेली होती. चार वाजता, ड्रायव्हर लोक टपरीवर जमतात त्या वेळी, कवडूनं ती जळकी गॅस्केट बाकड्यावर टाकली. बाबुलालला त्यानं बरोबर आणलं होतं.

"शुक्रवारी मी इथंच बसून बोललो. ते चूक होतं. तुलारामनं ऑइल राखलं म्हणून हे इंजिन उभं आहे. बोल्ट पुन्हा कसले नाही म्हणून गॅस्केट गेली, ते याच्यानं अन् माझ्यानं."

बाबुलाल कपात पाहत म्हणाला, "मिस्त्री म्हणते त असन."

"मिस्त्री शुक्रवारी बी म्हणतच होते," टपरीवाली सुंदरबाई म्हणाली. "तुमी सोता पाह्यलं का नाही, ते सांगा."

"पाह्यलं."

"काय पाह्यलं?"

"त्यानं ऑइल नाही विकलं," बाबुलाल म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून उठला.

बुधवारी नवी गॅस्केट घालून गाडी तयार झाली, आणि तुलाराम कामावर परत आला. कवडूकडं त्यानं पाहिलंही नाही. काठी ओढली, खांद्यावरच्या शेल्यानं पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. आठ वर्षं रोज करायचा तसं.

"आठ दिवसानं बोल्ट कसाले आणजो," कवडू म्हणाला.

"मी आणतोच. मालकाले सांगा," असं म्हणून तो केबिनमध्ये चढला.

आठव्या दिवशी वळणापलीकडून आवाज आला. स्वच्छ होता, सहाही सिलिंडर एका ठोक्यात.

"काय म्हणते मिस्त्री?" टपरीवरून कोणीतरी विचारलं. "बरी आहे ना आता?"

"बोनेट त उघडू दे लेका," कवडू करवादला, आणि पाना घेऊन उठला.