तापीकाठचा समुद्रकिनारा

खानदेशात समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या साडूंना कोणीतरी वेळीच समजावून सांगायला हवी होती. चोपड्याच्या पुढे तापीकाठी त्यांची केळीची बाग, माणूस सुखात होता. पण एकदा ते कोकणात सहलीला गेले, आणि तिथल्या किनाऱ्यावर काही कॉलेजची मुलं दोऱ्या लावून वाळूतला कचरा मोजताना, तो आला कुठून यावर वाद घालताना त्यांना दिसली. बरोबरचे लोक लाटांत उड्या मारत होते. साडू समुद्राकडे पाठ करून त्या मुलांना प्रश्न विचारत बसले. परत आले ते वेगळेच होऊन. "पण आपल्याकडे समुद्र कुठे?" मी धुळ्याहून फोनवर विचारलं. "समुद्राचं काय करायचंय साडूभाऊ? कचरा वाळूत असतो. वाळू आपल्याकडे आहे!"

तेव्हापासून दर महिन्याला तापीच्या वाळूत दोन दोऱ्या ताणल्या जाऊ लागल्या. मी तावडीत सापडलो की एक टोक माझ्या हातात. नियम कडक. दोऱ्यांच्या आतला प्लास्टिकचा कपटाही सोडायचा नाही, आणि बाहेर अख्खी गोणी पडली असली तरी तिच्याकडे बघायचं नाही. एकदा वीतभर बाहेर पडलेली बाटली मी पायानं हळूच आत ढकलली, तर साडू असे ओरडले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "मोजणी नासवली तुम्ही!" वजन केळीचे घड तोलायच्या काट्यावर. त्याला पुडीचा कागद कसा कळणार? मग साडू त्या काट्याकडे असे रोखून बघत, की निदान लाजेनं तरी त्यानं हलावं. शेवटी दोन ढीग: नदीनं आणलेला आणि इथल्या माणसांनी टाकलेला. खरं तर निकाल आधीच लागलेला असे. आपला गाव निर्दोष, सगळा गुन्हा नदीच्या वरच्या अंगाच्या गावांचा. दुधाची फाटकी पिशवी उन्हात धरून ते म्हणत, "बऱ्हाणपूर." तेलाची बाटली हुंगून म्हणत, "भुसावळ." एकदा म्हशी धुवायला पाण्यात उतरलेल्या एका गावकऱ्याच्या चपला दोरीच्या आत राहिल्या. त्या थेट नदीच्या ढिगात गेल्या. तो वर आला आणि बघतच राहिला.

"आबा, मन्या चपला!"

"कशावरून तुझ्या? या भुसावळहून वाहत आल्यात."

"भुसावळ? चोपडाना बजारमाईन लिन्ह्यात!"

साडूंनी चपला दिल्या, पण चेहरा असा, की डोळ्यांदेखत पुरावा पळवला जातोय. कारण हा सगळा हिशेब ते ग्रामसभेत मांडणार होते, आणि वरच्या गावांना गावातर्फे खरमरीत निषेध पाठवायचं सरपंचांकडून त्यांनी कबूल करून घेतलं होतं.

साडूंचा दुसरा नाद आम्हा नातेवाइकांना जास्त मानवणारा होता: भरीत. हिवाळ्यात त्याच वाळूत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि मध्ये डोक्याला उपरणं गुंडाळून साडू. वर्षभर हा माणूस त्या एका संध्याकाळसाठी जगतो, असं त्यांची बायको म्हणते. जेवणं झाली की उष्ट्या प्लेटा खड्डा करून वाळूत पुरायच्या, हा साडूंचाच दंडक.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटची मोजणी केली. नदीचा ढीग केविलवाणा राहिला आणि माणसांचा वाढतच गेला: पाण्याची पाकिटं, कागदी प्लेटा, जळकी वांग्याची देठं. कुत्र्यांनी कुठला तरी खड्डा उकरला होता. साडू म्हणाले, "वांगी बऱ्हाणपूरलाही होतात." तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं एक प्लेट उचलली. "हाऊ बठ्ठा कचरा आपला शे. या गुलाबी काठन्या प्लेटा मीच लयेल शेतस."

प्लेटा आपल्याच घरच्या निघाल्यावर साडू खालीच बसले. मी कानात म्हटलं, "त्या प्लेटा दोरीबाहेर होत्या म्हणू. कोण बघतंय?" बाटलीच्या वेळी ओरडले होते, तसे या वेळी ओरडलेसुद्धा नाहीत. नुसतं बघितलं माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी भर सभेत उभं राहून ते म्हणाले, "सगळ्यात जास्त कचरा भरिताच्या पार्ट्यांचा आहे. त्यातही माझ्या." सभा पोट धरून हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, निषेध तुमनाच घरले धाडूत का?" पण हसून झाल्यावर वाळूत पार्ट्या बंद, असा ठराव झाला, आणि पहिला हात साडूंचाच वर होता.

यंदा भरीत त्यांच्या अंगणात झालं, धुरानं डोळे चोळत. चव तीच, सगळ्यांनी वाखाणली, मी तर दोनदा जास्त घेतलं. जेवणानंतर साडू म्हणाले, "चला, दोरी धरा." उन्हं कलली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू स्वच्छ, नुसती पाखरांची पावलं उमटलेली. "अभिनंदन!" मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, दोरी गुंडाळायला घेतली आणि मध्येच थांबले.

"या जागेवर वारा चांगला लागतो," ते म्हणाले. "धूर डोळ्यांत जात नाही कोणाच्या."