साहेबांचं गुरगुरणं

माझा धाकटा भाऊ पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. जळलेली मोटार कोणीही बदलेल, याचा खरा हातखंडा आवाज बंद करण्यात. करकर, खडखड, घरघर, काहीही आणा. तेल सोडून, दोन टिचक्या मारून तो यंत्राला गप्प करतो. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. भावजय गेल्यावर त्याने कुत्र्याचं एक पिल्लू आणलं. ते दिवसभर काही न करता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचं, म्हणून त्याचं नाव पडलं साहेब. नऊ वर्षं याने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सख्ख्या बहिणीला कधी पाणी विचारलं नाही, ते सोडा.

मग भाची पुन्हा कामावर जायला लागली आणि तिची सव्वा वर्षाची पोर, आमची ठकी, दिवसभर आजोबांकडे राहू लागली. रांगत होती तोवर साहेब उठून दुसरीकडे जायचा. ती चालायला लागली, त्याला कोपऱ्यात गाठून कान ओढायला लागली, तेव्हा तो गुरगुरू लागला.

भाऊ घाबरला. साहेब गुरगुरला की हा स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटून ओरडायचा, "चूप!" गप्प बसला की बिस्कीट. तीन आठवड्यांत गुरगुर बंद.

"बघ ताई, पार मुका केला," तो म्हणाला.

मीही मोठी शहाणी. म्हटलं, "तुझ्या हाताला गुण आहे हो."

पुढच्याच मंगळवारी ठकी साहेबाच्या चटईवर वाकली. मी चार हातांवर मटार सोलत बसले होते. गुरगुर नाही, दात विचकणं नाही, एकदम पोरीची किंकाळीच. डोळ्याखाली चार टाके पडले. बोटभर वर लागलं असतं तर डोळाच गेला असता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गुरगुरून तो सांगत होता, हिला लांब घ्या. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत. राग तसाच राहिला."

"परत सुरू करता येईल?" भावाने विचारलं.

"खात्री नाही देता येत," त्या म्हणाल्या.

त्याने मध्ये जाळीचं दार बसवायचं ठरवलं. भाची म्हणाली, "दार कधीतरी उघडं राहतंच, बाबा. तो गुरगुरला असता तर आपण धावलो तरी असतो. आता कशाच्या भरवशावर सोडू हिला? तो घरात आहे तोवर ती इथे येणार नाही." रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली आणि पोरीला घेऊन गेली.

भावाने ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. नऊ वर्षांचं, चावलेलं कुत्रं कोण घेणार? शेतावरचा दोस्त म्हणाला, माझीही नातवंडं आहेत. कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेने जागा नसल्याचं सांगितलं. इकडे आड, तिकडे विहीर. मी नेलं असतं, पण तिसऱ्या मजल्यावर माझेच गुडघे मला नेत नाहीत. नुसता सल्ला द्यायचा, तर तोही संपला होता.

रविवारी दुपारी मी गेले. भाऊ जमिनीवर ओणवा होता, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. समोर साहेब जेवत होता आणि हा त्याच्या वाडग्यात हात घालत होता. "बोल रे साहेब. ओरड माझ्यावर. मी नाही रागावणार."

साहेबाचं अंग ताठ झालं. तोंड थांबलं. मग तो चार पावलं मागे सरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आवाज काढला नाही.

"ताई, काही ऐकू आलं का गं? अगदी बारीक?"

हो म्हणणं जिभेवर आलं होतं. पण ते टाके मी जवळून पाहिले होते.

"नाही रे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि वाडगं पुन्हा साहेबापुढे सरकवलं.