पडद्याआड पाहिलेलं

किनाऱ्यावरच्या वातुलेगी गावात एखादी बाई वारली की घरातली दोन माणसं धावत सुटत. एक मशिदीकडे, भोंग्यावरून बातमी द्यायला, आणि दुसरं सुपिनाहच्या घराकडे. सुपिनाहचा नवरा गावचा मोदिन होता. लग्नं लावणं आणि मयत मातीत पोचवणं ही गावाची कामं त्याच्याकडे असत. तो जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तिला सगळे अजून बू मोदिन, म्हणजे मोदिनबाईच, म्हणत, आणि गावातल्या बायकांच्या मयतांना आंघोळ तीच घालत असे.

हे काम पाण्याचं कमी आणि तोंडाचं जास्त, असं तिची सासू सांगायची. अंगणात चार लुगडी ताणून आडोसा करायचा, केळीची खोडं आडवी टाकून त्यांवर मयत निजवायचं आणि लाज झाकत हळूहळू पाणी सोडायचं. हे कोणालाही जमेल. खरी परीक्षा त्यानंतरची. जिवंतपणी बाईने जे झाकलं ते मेल्यावर समोर उघडं पडतं. कोणाच्या पाठीवर नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ, कोणाच्या मांडीवर तरुणपणीचं गोंदण, एकदा तर लग्न न झालेल्या मुलीचं चार महिन्यांचं पोट. चांगलं दिसलं तर बाहेर येऊन सांगायचं, चेहरा कसा शांत होता ते. वाईट दिसलं तर ते मयताबरोबर मातीत गेलं पाहिजे. सुपिनाहने तीस वर्षांत एक अक्षर बाहेर पडू दिलं नव्हतं. बायका तिची थट्टाही करायच्या, "बू, माझ्या पोटावरच्या वळ्या तेवढ्या कोणाला सांगू नका हं." ती म्हणायची, "त्या काय, गावाने आधीच पाहिल्यात."

तिच्याबरोबर पाणी घालायला तिची धाकटी बहीण तास्मी असायची; ती तिला यू, म्हणजे ताई, म्हणे. सुपिनाह जेवढी मुकी तेवढी तास्मी बोलकी. आडोशाआड मात्र तिचंही तोंड बंद असे, आणि तिच्या बाबतीत हे खरोखरच मोठं होतं.

गावाचा सरकारवर विश्वास नव्हता, आणि त्यात गावाचं काही चुकलंही नव्हतं. समुद्राच्या बंधाऱ्याची तीन अधिकाऱ्यांनी तीनदा फीत कापली होती, आणि लाटा अजून शाळेच्या पायरीपर्यंत येत होत्या. गणवेशातला माणूस दिसला की लोक म्हणत, "आता काय न्यायला आलाय?" त्यामुळे कोविड आला तेव्हा तोही गणवेशातल्या माणसानेच आणला आहे असं गावाने ठरवून टाकलं. कॉफीच्या टपरीवर रोज नवा शोध लागायचा. शहरातल्या दवाखान्यात कोणीही दाखल झालं की त्याला कोविड 'करतात'. पाय मोडला तरी कोविड. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आंघोळ न घालता, खिळे ठोकलेल्या पेटीत परत पाठवतात. पहिलं वर्ष तसंच निघून गेलं. गावात एकही माणूस त्याने मेला नाही, आणि टपरीवरचे शास्त्रज्ञ फुशारले.

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये आरोग्य केंद्रातली नर्स एस्ती सुपिनाहच्या घरी आली. पोरगी शहरातली, पंचविशीची, बोलायला घाईची. तिने पिशवीतून पांढरा गाऊन काढला, हातमोजे काढले, मास्क काढले.

"बू मोदिन, खोकला-ताप असलेलं कोणी गेलं तर हे घातल्याशिवाय हात लावू नका. आणि आधी मला बोलवा."

"हे घालून अंगणात उभी राहिले तर लोकांना न सांगताच सगळं कळेल की, पोरी."

"कळू दे ना!"

सुपिनाहने गाऊन घेतला, घडी घातली आणि नवऱ्याच्या काळ्या टोपीखाली कपाटात ठेवून दिला. पोरीला चहा दिला. वाद घालण्यात तिला कधीच गोडी नव्हती.

आठवडाही झाला नसेल, हाजी कस्बुल्लाहची बायको रोफिआह गेली. हाजी म्हणजे सुक्या मासळीचा मोठा व्यापारी, मशिदीच्या पहिल्या रांगेतला माणूस. बायकोला दोन दिवस शहरातल्या दवाखान्यात ठेवून, डॉक्टरांशी भांडून त्याने घरी आणलं होतं. सुपिनाह पोचली तेव्हा त्याने तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गाठलं. डोळे रडून सुजले होते.

"बू मोदिन, दवाखान्याने एक कागद दिलाय. त्यावर तेच लिहिलंय. आता कागदावर काय, ते काहीही लिहितात. पण हे बाहेर गेलं तर माझ्या रोफिआहच्या मयताला कोणी खांदा द्यायचं नाही. तिची लाज तुमच्या हातात आहे."

सुपिनाहने आडोशात जाऊन चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. ओठ जांभळे, नखं जांभळी. तीस वर्षांत तिने असे ओठ बुडून मेलेल्या कोळणींचे पाहिले होते, पलंगावर मेलेल्या बाईचे नाही. गाऊन कपाटात होता. माणूस पाठवून आणवायला पाच मिनिटं लागली असती. अंगणात दोनशे माणसं उभी होती.

"यू, पाणी कोमट हवं की गार?" तास्मीने विचारलं.

"गार," सुपिनाह म्हणाली, आणि बाह्या वर सारल्या.

हीच तिची चूक. ती भित्री नव्हती, मूर्खही नव्हती. ती आपलं काम जसं शिकली होती तसं तिने केलं, इतकंच. आंघोळ झाली, कफन झालं, ती बाहेर आली आणि लोकांना म्हणाली, "चेहरा शांत होता." मग तिथेच ओटीवर बसून त्याच हाताने जेवली. गावाने ते पाहिलं, आणि गावाला दुसरा पुरावा लागला नाही. बू मोदिनने उघड्या हाताने धुतलंय, म्हणजे काही नव्हतंच! सात दिवस संध्याकाळी हाजीच्या घरी प्रार्थनेला माणसं मांडीला मांडी लावून बसली, आणि एका ताटात चौघे जेवले.

त्यानंतर भोंगा थांबेना. बारा दिवसांत नऊ जण गेले. पाच बायकांना सुपिनाहने आंघोळ घातली, आणि पाचही घरांत कोणी ना कोणी तिला मागच्या दाराशी गाठून कुजबुजलं. कोणी म्हणे थोडा ताप होता, कोणी म्हणे म्हातारपण, पण बू, बाहेर नको. कोणालाही आपलं घर सोडून दुसऱ्या घरातलं ठाऊक नव्हतं. सगळं ठाऊक असलेली गावात एकच बाई होती.

नर्स एस्ती तपासणीची गाडी घेऊन आली तेव्हा लोकांनी बाजाराच्या तोंडाशी बाकडी आडवी टाकली. टपरीवाला म्हणाला, "आमच्या गावात कोविड नाही. पाहिजे तर बू मोदिनला विचार. मेलेल्यांना तिने धुतलंय, तू नाही."

सुपिनाह तिथेच टोफू घेत उभी होती. एस्ती वळली. मास्कवरचे तिचे डोळे लाल झाले होते, पोरगी किती रात्री झोपली नव्हती कोण जाणे.

"सांगा, बू मोदिन. तुम्ही काय पाहिलंत?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. हाजी पुढेच होता. तो हात छातीवर ठेवून उभा राहिला. त्याच्या मागे त्या पाच घरांतली माणसं होती. सुपिनाहला वाटलं, आपण तोंड उघडलं तर सहा कबरी उघडल्यासारखं होईल.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली.

गाडी परत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुपिनाहला त्या टाळ्यांची इतकी लाज वाटली की टोफूची पिशवी तिथेच विसरून ती घरी आली.

तीन दिवसांनी तास्मी चुलीशी बसून सुकट वाटून केलेला तेरासीचा गोळा भाजत होती. त्याच्या वासाने शेजारची मांजरंसुद्धा गोळा होतात. ती एकदम म्हणाली, "यू, हा तेरासी खोटा दिसतोय. मेल्याला वासच नाही."

सुपिनाहच्या नाकात वास मावत नव्हता. तिने बहिणीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ताप, चौथ्या दिवशी धाप. सुपिनाह म्हणाली, शहरात नेते. तास्मीने पलंगाची दांडी धरून ठेवली. "नाही जायची. प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिळे ठोकतील. मला तूच धुवायचंस. आणि मला काय कोविड थोडाच आहे? आपण दोघींनी रोफिआहला धुतलं, तिला कुठे होता?"

मग सुपिनाहने सांगितलं. कागद होता, म्हणाली. हाजीने मला सांगितलं होतं. तू पाणी भरत होतीस तेव्हा.

तास्मीने पलंगाची दांडी सोडली.

"मला नाही सांगितलंस?"

"तिची लाज होती, तास."

"आणि मी?"

सुपिनाह तिच्या पाठीखालची उशी सारखी करू लागली. तास्मी तिचा हात बाजूला करत म्हणाली, "माझं तरी सांग. मला नाही लाज. सगळ्यांना सांग."

एस्ती रोज येत होती, पण ऑक्सिजनचं नळकांडं जिल्ह्यात कुठेच मिळेना. सातव्या दिवशी सकाळी तास्मी गेली.

सुपिनाहने कपाट उघडलं, टोपी बाजूला केली आणि गाऊन अंगावर चढवला. एस्तीने पाणी घातलं. कफन झाल्यावर ती तशीच, गाऊन-मोजे-मास्क घालून, अंगणात जमलेल्या माणसांसमोर आली. चेहरा शांत होता असं ती म्हणाली नाही.

"माझी बहीण कोविडने मेली. तो तिला मयत धुताना लागला. मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, "दवाखान्याने काय दिलं गं हे बोलायला?"

"दुःखाने डोकं फिरलंय तिचं."

"कोणाचं मयत धुताना?" हाजीने विचारलं. आवाज खाली होता. तिने बोलू नये म्हणून तो विनवत होता हे तिला समजत होतं.

"तुमच्या रोफिआहचं," सुपिनाह म्हणाली.

मग एक म्हातारी उठली, पदर सावरला आणि निघाली. तिच्या मागे बाकीच्या. त्यांना रोगाची भीती वाटली असती तर सुपिनाहला आनंद झाला असता. पण त्या बोलत होत्या ते वेगळंच. हिने मयताची लाज उघडी केली. आज रोफिआहची केली, उद्या आपली करेल. आपल्या आईला हिनेच धुतलंय, काय काय पाहिलं असेल! तीस वर्षं न बोललेलं सगळं त्यांना एकदम आठवलं. तास्मीच्या जनाज्याला चार खांदे मिळाले, तेही नात्यातले.

पुढे गावातली बाई गेली की शेजारच्या गावातून धुणारी येऊ लागली. एस्तीची गाडी तशीच परत जात होती. सुपिनाह दुकानात गेली की बोलणं थांबे. जे तिच्या शब्दावर जगत होते त्यांना तिचा शब्द नकोसा झाला होता, आणि मोठी कमाल ही की ती खोटं बोलत होती तोपर्यंत तो चालत होता.

ऑगस्टच्या एका दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. हाजीची मुलगी खुस्नुल होती. ओढणी नाकापर्यंत, चपला हातात.

"बू, बाबांना श्वास घेता येत नाही. नर्सबाईंकडे आता नळकांडं आलंय म्हणतात. तुम्ही त्यांना आणा ना. बाबा म्हणतात मागच्या वाटेने, केळीच्या बागेतून आणा. कोणाला दिसायला नको."

तसंच मागचं दार, तीच कुजबुज. सुपिनाहच्या अंगाचा तिळपापड झाला. तास्मीने पलंगावरून विचारलेलं 'आणि मी?' तिच्या कानात वाजलं.

"नर्स येईल," ती म्हणाली. "पण पुढच्या दाराने. गाऊन घालून, भर बाजारातून. जा, बाबांना विचार चालेल का."

"ते नाही ऐकायचे, बू. तुम्हाला माहितेय ते."

"मग मलाही नाही जमायचं."

मुलगी उभी राहिली, रडली, आणि चपला हातातच घेऊन पळत गेली. सुपिनाह पुढच्या ओटीवर येऊन बसली. हाजीचा निरोप येईल, येऊ दे, सगळ्या गावाला दिसू दे, असं मनात घोळवत बसली. निरोप आला नाही. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं. मग तिला खुस्नुलचे अनवाणी पाय आठवले, आणि आपण कोणाशी हट्ट धरून बसलोय हे उमगलं. ती उठली आणि या वयात जमेल तितकी पळाली.

एस्तीने काही न विचारता नळकांडं मोटारसायकलला बांधलं. सुपिनाह मागे बसली. बाजारातून जाताना लोक पाहत होते. हाजीच्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तोच मशिदीचा भोंगा खरखरला. अजानची वेळ नव्हती.

एस्तीने गाडी थांबवली. भोंग्यावर हाजी कस्बुल्लाहचं नाव पूर्ण झालं. हाजीच्या दारातून खुस्नुल बाहेर आली, तिच्या मागे शेजारीपाजारी, आणि गल्लीत पंधरा-वीस माणसं जमली.

"तुम्हाला निरोप कधी मिळाला होता, बू?" एस्तीने हळूच विचारलं. तिला बिचारीला वाटत होतं आत्ताच मिळाला असेल.

खुस्नुल सुपिनाहकडे पाहत होती. ती काही बोलली नसती. मागच्या दाराला आलो होतो हे त्या घरातलं कोणीच बोललं नसतं. सुपिनाहने गप्प राहायचं ठरवलं असतं तर ते तिथेच झाकलं गेलं असतं.

"तासाभरापूर्वी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.