बोटीच्या सहलीत पोहणारं कोण?

परवाच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या स्काउट पथकाच्या बोटीच्या सहलीत मुलांसोबत चांगलं पोहणारा मोठा माणूस असेल. ते चुकीचं आहे. चूक जिथे केली तिथेच दुरुस्त करायची, हे मला अब्बांनी घरीच शिकवलं.

आज नेरूळला स्वयंसेवकांमध्ये कामं वाटली. जेवण, प्रथमोपचार, तिकिटं. पाण्यात मुलांना सांभाळायची जबाबदारी माझी, हे ऐकून मी हादरले.

"सर, मला पोहता येत नाही."

पथकप्रमुख जाधव सर हसले. "मस्करी करता काय? मोरा बंदरावरच्या ना तुम्ही?"

"मोऱ्याची आहे, मासा नाही. मला वाटलं तुम्ही पोहता."

"आमच्या माणमध्ये पाणी टँकरनं यायचं, ताई. पोहणार कशात?"

सगळे हसले. मग लक्षात आलं, आमच्यातल्या कोणालाच पोहता येत नाही. दुसऱ्याला येत असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. आणि पालकांनी माझी पोस्ट वाचून होकार दिलाय.

सर म्हणाले, "लाइफ जॅकेट असतात, टेन्शन नको." मला तेव्हापासून जेवण गेलेलं नाही. तुमच्याकडे अशी जबाबदारी विचारून देतात का?

सहल रविवारी आहे. उद्या, शुक्रवारी संध्याकाळी मी प्रत्येक पालकाला स्वतः फोन करून हे सांगणार आहे.