पायाच्या अंगठ्याचा ठसा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका अपंग सैनिकाचा कागद मी आठ महिने माझ्या ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला होता. पैसे खायला नव्हे. लाजेनं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत माजी सैनिकांच्या अर्जांचं टेबल माझ्याकडे होतं. हा गडी कबनूरचा. सीमेवर सुरुंग फुटून दोन्ही हात कोपरापासून गेलेले. अशा माणसाला भरवायला, अंघोळ घालायला कायम कुणीतरी लागतं. त्यासाठी वेगळा भत्ता असतो. तो सुरू झाला की त्याची बायको मागाच्या कारखान्यातलं काम सोडून घरी थांबणार होती. अर्जावर सही किंवा अंगठा हवा. मी ती जागा कोरी ठेवून अर्ज वर, दिल्लीला पाठवला. चार महिन्यांनी परत आला: हात नसल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. तसं परिपत्रक माझ्याच फायलीत होतं. मी वाचलंच नव्हतं.

त्यांना बोलवायचं तर चूक कबूल करावी लागणार. उद्या बोलावू म्हणत राहिलो.

त्याची बायको दर महिन्याला यायची, कारखान्यातली पाळी बुडवून.

"आलं का वो सायेब?"

"वरून नाही अजून, वैनी."

"ताट वाढून, झाकून कामावर जायाचं. पर झाकण कोण काढणार, सांगा की."

शेवटी बोलावलं. नवा नियम आलाय म्हणालो. स्टॅम्पपॅड घेऊन त्याच्या पायाशी बसलो, तर तो मोठ्यानं म्हणाला, "हात दिलं, आता पाय बी पायजे व्हय सरकारला? घ्या की!"

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. ती पदरानं त्याच्या अंगठ्याची शाई पुसत होती.

मंजुरी आली तेव्हा तो जाऊन महिना झाला होता. मागची रक्कम तेवढी तिला मिळाली. त्या दिवशी टेबलाशी थांबून म्हणाली, "तुमी लई केलासा आमच्यासाठी. त्या दिल्लीवाल्यास्नीच माणसाची कदर न्हाय."

"इथं सही करा," एवढंच मी बोललो.

पुढे एकदा कबनूरला गेलो होतो. स्टँडवर चहा घेतला आणि आलो त्याच एसटीनं परत फिरलो.

ती अजून तिथंच राहते. कागद दिल्लीत नव्हता, माझ्याकडे होता, हे तिला तोंडावर सांगण्याचं देणं मी अजून लागतो.