ढोलाला लावलेली टेप

हुलसूरच्या आमच्या घरात आजोबांच्या धनगरी ओव्यांची एकच टेप होती. आजोबा हयात असताना कुणीतरी अभ्यासक येऊन त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करून गेले होते आणि नंतर एक प्रत त्यांनी पाठवली होती. ती होती मोठ्या स्पूलची, उघड्या चकतीवर गुंडाळलेली. कॅसेटच्या जमान्यात ती वाजवायला यंत्र नव्हतं. पुण्यात कामाला असलेली आत्याची दोन्ही मुलं जत्रेला आली की कॅसेटवर प्रती घेऊन जाणार होती. आत्यानं एकच अट घातली होती. आवाज बापाचा आहे असं तिनं म्हटल्याशिवाय प्रत करायची नाही.

जुना स्पूल टेपरेकॉर्डर हैदराबादच्या भंगारातून मिळाला. त्यातला प्रीअँप्लिफायर, म्हणजे टेपवरून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग, जळालेला होता. गावातल्या लाउडस्पीकरवाल्यानं नवा बांधला. टेप वाचणाऱ्या हेडवरून येणारा आवाज मुळातच असमान असतो. बारीक स्वर जोरात येतात, जाड स्वर जेमतेम. प्रीअँप्लिफायरनं जाड उचलायचे, बारीक आवरायचे. त्यासाठी सर्किटवर दोन प्रीसेट होते, स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचे.

लाउडस्पीकरवाल्याचं सारं आयुष्य लग्नातल्या भोंग्यांवर गेलं होतं. भोंग्यात जाड आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत, म्हणून तो कमी करायची त्याची सवय. चाचणीचीही त्याची एक रीत होती. एक माणूस लांब बांधावर उभा करायचा. शब्द कळले की त्यानं टॉवेल हलवायचा. आमच्या टेपचीही त्यानं भोंग्यावर तशीच चाचणी घेतली. टॉवेल झकास हलला.

मग घरात साध्या स्पीकरवर टेप लावली. आत्यानं चार ओळी ऐकल्या.

"ह्यो माझा बाप न्हाई."

"अक्का, शब्द त्येचेच हायेत की," लाउडस्पीकरवाला म्हणाला.

"शब्द हायेत, गळा न्हाई. ताट बडवल्यावानी वाजायलाय."

"बांधावर साफ ऐकू आलंय, अक्का."

"मग बांधालाच इचार, बाप कुणाचा हाय!"

ओसरीवरचे सगळे हसले, लाउडस्पीकरवालाही हसला. पण प्रश्न राहिलाच. जाड स्वर किती उचलायचे, हे ठरवायला ठरावीक स्वर भरलेली चाचणीची टेप जवळ नव्हती आणि आजोबा पंधरा वर्षांपूर्वीच गेले होते. उपाय चुलत्यांना सुचला. टेपवर ओव्यांमागे जो ढोल वाजत होता, तो घरातच खुंटीला होता.

ढोल उन्हात तापवला. चुलते एक थाप मारत. लगेच टेपवरची थाप ऐकायची. लाउडस्पीकरवाला प्रीसेट थोडा फिरवी. पुन्हा थाप. सुरुवातीला टेपवरचा ढोल डब्यासारखा वाजत होता. मग जाड होत गेला. मध्ये इतका जाड झाला की चुलते लाउडस्पीकरवाल्याला म्हणाले, "अण्णा, आता म्हैस बोलायलीय." थोडं मागं फिरवल्यावर दोन्ही थापा जुळल्या. कोणती घरातली, कोणती टेपवरची, पाठमोऱ्या आत्याला सांगता येईना.

प्रीसेटला हात न लावता टेप सुरुवातीपासून लावली. आजोबांनी ओवी उचलली. आत्या स्पीकरकडे वळली आणि पदर सावरून बसली. पहिलं कडवं संपलं.

"व्हय," ती म्हणाली. "ह्योच. बारीक कर जरा, लई वरडायलाय म्हातारा."

लाउडस्पीकरवाल्यानं आवाज कमी केला.

"एवढं बारीक कामून केलास? ऐकू तर येऊ दे!"

त्यानं तो पुन्हा वाढवला आणि पहिल्या कोऱ्या कॅसेटचं वेष्टण फोडलं.